भिंतीवर आठ दिवस

१६ जून, सोमवार

सीईटीचा निकाल लागला. निकिताला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल! साइट तासभर उघडतच नव्हती. तेवढ्या वेळात मी सगळी भांडी घासली, आणि मग घासलेलीच पुन्हा घासली. निकिता मात्र शांत. निकाल पाहिला, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, "आई, म्हणजे आता पुणं नक्की ना?"

"नक्की!" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग पेढे आणायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उगाच पाच मिनिटं उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, काय काढायचंय?" काही नाही बाबा. काही काढायचं नाही.

१८ जून

फोन सुरू झाले. अठरा वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतेय, पण नाशिकरोडला मला ओळखतात ते यादीवाल्या मॅडम म्हणून. कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मागायचा त्याची यादी मुलांना करून देते. म्हणजे करून नाही देत, करायला बसवते. रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये. सतरंजी, एक पंखा, आणि मी.

माझी पद्धत अजून तीच. जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला यादी करायची, पेन्सिलने. वर दोन-तीन उड्या, म्हणजे मिळाली तर मिळाली. मध्ये पायऱ्या, म्हणजे आपल्या मार्कांना आणि आपल्या स्वभावाला बसणारी. सगळ्यात खाली उंबरा. घराजवळचं, हमखास मिळणारं. आणि ती यादी आठ दिवस घरात भिंतीवर लावायची. येता-जाता बघायची. जे टोचेल ते खोडायचं. फॉर्म त्यानंतर.

उंबरा कधीही वर घ्यायचा नाही. हे मी ओरडून सांगते. पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज मिळालं की कुलूप! तेच घ्यायचं, नाहीतर बाहेर. पुढच्या फेऱ्या बंद. गेल्या वर्षी आयुषने भीतीपोटी उंबरा एक नंबरवर टाकला, मला न विचारता. मिळाला. त्याच्या मार्कांत सहज बसणारी दोन चांगली कॉलेजं खाली तशीच राहिली. परवा बाजारात दिसला तर बरं आहे म्हणाला. बरं आहे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

२२ जून, रविवार

अकरा मुलं. लासलगावहून हर्षल आणि त्याचे वडील नवनाथराव. कांद्याचे व्यापारी. मी उड्या-पायऱ्या समजावतेय तर म्हणतात, "मॅडम, येवढी नावं कशाला? लिलावात बोली येकच ऱ्हाती. लय मोठं नाव कोनचं हाय ते सांगा, विषय संपला."

हर्षलला म्हटलं, तू सांग. तो सतरंजीचा दोरा ओढत बसलेला. शेवटी म्हणाला, "जिथं कबड्डीची टीम हाय तिथं." वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला! पण मी लिहून घेतलं. पोरगं चार वर्षं जिथे राहणार तिथे त्याला एक तरी गोष्ट आवडीची हवी की नको?

निकिता पाणी देत होती सगळ्यांना. हसत होती. हसताना तिच्या बाबासारखी, रोहितसारखी, एका बाजूने हसते. पुढच्या वर्षी पाणी मलाच द्यावं लागणार.

२९ जून, रविवार

सुरगाण्याचा सोमा आला होता. वसतिगृहात राहून बारावी केलेला. मी सगळ्यांना एक प्रश्न लिहायला देते: तिथे आजारी पडलास तर कोण येईल? बाकीची मुलं आई, बाबा, मामा असं लिहितात. याने लिहिलं, "दिवाळीपर्यंत बाबा. मग कोणी नाही."

विचारलं तर कळलं, भात-नागली निघाली की घरचे सगळे द्राक्षांच्या कामाला बाहेर पडतात. होळीला परत. घराला कडी. मी म्हणाले होते, घरापासून फार लांब नको टाकूस. तो म्हणाला, "मॅडम, घरी कोणी नसतं तेव्हा लांब काय नि जवळ काय?"

कोल्हापूर वर घेतलं त्याचं. तिथे त्याच्या गावचा एक मुलगा आहे, खोलीवर राहणारा. आजारी पडला तर तो येईल.

५ जुलै

निकिता दोन दिवस देवळाली कॅम्पला, मावशीकडे. जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर! आणि मी सवयीने पोळ्या केल्या सहा. दोन खाल्ल्या. चार डब्यात राहिल्या, सकाळी चहाबरोबर त्याच खाल्ल्या, आज संध्याकाळी पुन्हा सहाच झाल्या. हात ऐकत नाही. रोहित गेला तेव्हाही महिनाभर असंच चाललं होतं. तेव्हा निदान शिळ्या खायला निकिता होती सोबत. सहा वर्षं झाली त्याला.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही. बाई अर्ध्या तासावर गेलेल्या पोरीसाठी रडते म्हटलं तर स्टाफरूममध्ये आठवडाभर पुरेल.

म्हणून तर ही वही. पिठाच्या डब्यामागे राहते बिचारी. तिला सांगते: जाऊ नये निकिताने. जाऊ नये! इथे चार कॉलेजं आहेत, संध्याकाळी घरी येता येतं. पुणं पाच तास. मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना बाहेर काढायच्या याद्या करते आणि माझी एकुलती एक पोर मला घरात हवी आहे.

झालं लिहून. आता बरं वाटतंय.

९ जुलै

मला कोणी अडवलं नव्हतं. आज वर्गात शिकवता शिकवता एकदम आठवलं. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला एम.एस्सी.ला नंबर लागला होता माझा. माझे वडील, दादा, प्रेसमध्ये कामाला होते, त्यांनी बॅगसुद्धा आणली होती. निळी. आई काही म्हणाली नाही. फक्त आठवडाभर रोज माझ्या आवडीचं केलं. भरली वांगी, शेंगोळे, पुन्हा वांगी. वाढायची आणि समोर बसून बघत राहायची. आठव्या दिवशी मीच म्हणाले, इथेच करते. आई म्हणाली, "तुझी मर्जी हो, राखी."

बॅगेत पुढे हिवाळ्याची पांघरुणं ठेवली. ती बॅग अजून माळ्यावर आहे. आईवर राग नाही. कधीच नव्हता. पण पुण्याची एसटी स्टँडवर लागलेली दिसली की अजूनही पाटी वाचते मी, पूर्ण, सगळे थांबे.

१३ जुलै, रविवार

आज हॉलला सुट्टी दिली. निकिताबरोबर जुन्या नाशकात गेले, तांब्याच्या घंघाळाला कल्हई करून आणायला. ही सातवीत असल्यापासून तांबटांच्या दुकानासमोर खिळते. आजही तेच! म्हातारे सहादू कासार घडा ठोकत होते. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग भट्टीत घालतात, की पुन्हा मऊ. निकिता त्यांना विचारत होती, किती तापवता, रंग कुठला आला की काढता. ते म्हणाले, "पोरी, हे कालेजात शिकवत्यात का?"

"पुण्याला शिकवतात बाबा. मेटलर्जी म्हणतात त्याला."

आमच्या यादीतल्या नाशिकच्या चारही कॉलेजांत ती शाखा नाही. मला माहीत आहे. मीच यादी तपासलीय. पुण्याचं सरकारी कॉलेज, मेटलर्जी, तिच्या मार्कांना उडीसुद्धा नाही, सरळ पायरी आहे. इतकी नीट बसणारी यादी या वर्षी माझ्या एकाही मुलाची नाही.

१६ जुलै

"आई, पोळ्या शिकव."

"तिकडे मेस असते गं."

"तरी शिकव."

पहिली पोळी श्रीलंकेसारखी. दुसरी महाराष्ट्रासारखी. आम्ही हसून हसून लोळलो! त्याला तीन दिवस झाले, आता चांगली यायला लागलीय. आता संध्याकाळचं पीठ तीच मळते.

२० जुलै, रविवार

यादी लागली भिंतीवर. फ्रिजच्या वर, कॅलेंडरशेजारी. पेन्सिलने, तिच्या गोल अक्षरात. एक: पुणे, मेटलर्जी. मग मुंबई, मग सांगली. नाशिक, कॉम्प्युटर, सगळ्यात खाली, सतरावं.

छान आहे म्हणाले.

२३ जुलै

दूध काढायला फ्रिज उघडला की पुणे दिसतं. दूध दिवसातून किती वेळा लागतं!

२६ जुलै

फॉर्म भरायला आजपासून सुरुवात. परवा, सोमवारी, संध्याकाळी पाचला बंद. हर्षलने भरला. कबड्डीवालं कॉलेज दुसऱ्या नंबरवर, वडिलांचं मोठं नाव पहिल्यावर. बापलेकांनी तडजोड केली! नवनाथराव फोनवर म्हणाले, "मॅडम, पोरगं घरात बोलायला लागलंय, हेच लय झालं."

निकिता म्हणते, उद्या भरीन. परवा भरीन. आठ दिवस पूर्ण होऊ देत, तुझाच नियम आहे.

२७ जुलै, रविवार

हॉलवरून चारला आले. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले. यादी बदललेली.

पुणे खोडलंय. नीट, खोडरबरने, तरी खालचं अक्षर दिसतंय. त्या जागी: नाशिक, कॉम्प्युटर. एक नंबरवर. उंबरा!

खरं लिहिते. आधी आनंद झाला. संध्याकाळी घरी येईल, सहा पोळ्या, एका बाजूने हसणं, चार वर्षं, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर. मग आयुष आठवला. बाजारात बरं आहे म्हणणारा.

ती आली तेव्हा विचारलं, "अगं, हे काय?"

"मला नाशिक आवडतं."

"आणि मेटलर्जी?"

"काय करायचंय भांडी ठोकून? कॉम्प्युटर बरं."

"उंबरा वर घ्यायचा नाही, माहीतय ना? मिळालं की कुलूप."

"माहीतय. म्हणूनच वर घेतलंय."

"निकिता, तू जा. मी सांगतेय ना जा म्हणून!"

"तू सांगतेस," म्हणाली. माझ्याकडे बघत. मग पीठ मळायला घेतलं. पाठमोरीच म्हणाली, "आणि मी मावशीकडे गेले की दोनच करत जा पोळ्या. शिळ्या खात बसतेस सकाळी."

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मावशीला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. एकाच ठिकाणी लिहिलं होतं.

पिठाचा डबा! मीच तिला पोळ्या शिकवल्या.

रात्रीची पोळी-भाजी तिने केली. भरली वांगी. माझ्या आवडीची.

२८ जुलै, सोमवार, सकाळ

निकिता, वही पुन्हा डब्यामागेच ठेवतेय, तुला सापडेल अशी. तोंडाने जा म्हटलेलं तुला खरं वाटत नाही, कारण मी खरं इथे लिहिते हे तुला कळलंय. म्हणून आज इथेच लिहिते. मागचं एकही पान खोटं नाही, एकही फाडत नाही. माझ्या आईने वांगी केली होती, मी ही वही केली. तू जा. मला आठवण येईल, रोज येईल, आणि तरी जा.

माळ्यावरची निळी बॅग काढून पुसून ठेवलीय. फॉर्म पाचला बंद होतो. मी तोपर्यंत फोन करणार नाही. खोडरबर फ्रिजवर आहे.