अडुळशाने मारलेल्या पेशी

३ फेब्रुवारी, सोमवार
अंधेरीच्या लॅबमध्ये हेल्पर. तात्पुरता. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर अडुळशाचा अर्क टाकून बघायचा, हे काम. वर्षभरात यांचं माझ्याशिवाय पान हलणार नाही. आजपासून शिस्त.

५ फेब्रुवारी
पाला अल्कोहोलमध्ये भिजत घातला. शी! गटारात कफ सिरप ओतल्यासारखा वास. हात तीनदा धुतले तरी डबा घशाखाली उतरेना. लॅबच्या क्षमा मॅडम म्हणाल्या, सवय होईल. यांना नाकच नाही.

७ फेब्रुवारी
अर्क आटवायचा. मॅडमनी बजावलं, अल्कोहोल पूर्ण उडू दे, दोनदा वजन कर, आकडा तोच आला तरच बाटली बंद. किती किरकिर! एकदा केलं. दुसऱ्यांदाही तोच आला असता, म्हणून तोच लिहिला. माझा दोस्त मिथुन खाली बाईक घेऊन ताटकळला होता. मढला शूटिंग बघायचं होतं ना.
हिरो आलाच नाही. नुसता जनरेटर आणि सुकटीचा वास. फालतू दिवस.

११ फेब्रुवारी, दुपारी
माझा अर्क टाकलेल्या पेशी खल्लास! सगळ्या! मॅडमचं तोंड वाकडं. म्हणाल्या, एवढ्या कशा रे मेल्या? जळतात लोक.

संध्याकाळी ७
घाटकोपरला अंबादासमामाकडे. त्याला हाच कॅन्सर. गुरुवारी केमो. म्हटलं, कॅन्सल कर, औषध सापडलंय. मामी रडायलाच लागली. मामा एवढंच म्हणाला, आधी चपला बाहेर काढ. हीच किंमत शास्त्रज्ञाची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी
मॅडमनी परवा दुसऱ्या प्लेटमध्ये नुसतं अल्कोहोल टाकून ठेवलं होतं. त्याही पेशी मेल्या. मग माझी बाटली पुन्हा आटवली. वजन निम्म्यावर. म्हणजे निम्मं अल्कोहोलच उरलं होतं. वही उघडून माझ्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. शिव्या परवडल्या असत्या.
वाट लागली. मामाची केमो!

११.४०
मामाला सहा फोन. उचलेना. नाकात तोच अडुळशाचा वास. सातव्यांदा मामीने उचलला. म्हणाली, सलाईन चालू आहे, आठलाच आलो. मामाने फोन हिसकावला. म्हणाला, तुझ्या भरवशावर मी कधी रिक्षा थांबवली नाही रे, केमो काय थांबवतोय!
खात्री म्हणून पुन्हा विचारलं.
दुसऱ्यांदाही तेच म्हणाला.