चौदा कोर आणि चार घरं

कोयनाकाठ, पाटणच्या अलीकडे
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय व्याही मानसिंगराव यांस,

नानासोचा मनापासून रामराम, आणि विहीणबाईंना हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला जिना उतरताना तुम्ही कठडा धरून थांबलात आणि 'पेपरवाला आला का बघतोय' म्हणालात, तेव्हाच मी ओळखलं होतं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेत चला. चिरंजीव राजवर्धनची कामधंद्याची गडबड बरी चालली असेल. आमच्याकडे सर्व ठीक आहे. ऊस डोक्याच्या वर गेला, म्हैस व्याली (रेडा झाला, चालायचंच), आमच्या शिवतेजचा फोन सरहद्दीवरून परवाच आला होता, त्याच्या पोस्टवर भरपूर बर्फ आहे म्हणे. उत्कर्षा तुमच्याकडे आल्यापासून आमच्या घरात काहीही फरक पडलेला नाही, हे मुद्दाम लिहितो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे, आणि शेजारी कोण बसलंय ते बोलणाऱ्याला कळत नाही. शिवाय पलटणीत असताना मी पत्रावरच संसार केला, त्यामुळे महत्त्वाचं असलं की हात आपोआप कागदाकडे जातो. (हे पत्र महत्त्वाचं आहे असा अर्थ कृपया काढू नये.)

तुमच्या कानावर त्या कॉम्प्युटरबद्दल काहीबाही आलं असेल. उत्कर्षा स्वतः एक शब्द बोलली नसेल, ती तशी नाहीच, पण राजवर्धनने उकरून काढलं असेल. म्हणून झालं काय ते माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

तुमच्या लेकीचं काम तुम्हाला ठाऊक आहे. बंगला बांधायच्या आधीच तो कसा दिसेल याचं ती हुबेहूब चित्र काढते, पार गॅलरीतल्या कुंड्या आणि दारातल्या गाडीसकट. कराडचे इंजिनियर तिच्याकडून चित्रं करून घेतात. आमच्या पंचक्रोशीत अशी पद्धत पडली आहे की आधी त्या चित्राचा फ्लेक्स लागतो आणि मग, जमलंच तर, पाया खणतात. तिचा जुना लॅपटॉप इतका तापायचा की ती त्याच्याखाली आमचा पोळपाट ठेवायची. दिवाळीनंतर तिला पाचगणीच्या एका हॉटेलचं काम मिळालं. सगळी इमारत, दरीच्या बाजूने. तिचं पहिलंच एवढं मोठं काम. ते चांगलं झालं तर घरी बसून वर्षभर पुरेल एवढी कामं येणार होती आणि नोकरीसाठी पुणं-सांगली करावं लागणार नव्हतं. तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "आबा, एक नवा डेस्कटॉप घेऊ या का? साधा, चार कोरांचा प्रोसेसर पुरे. भारी काही नको."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन आणि कोर म्हणजे त्यातले राबणारे गडी, एवढं मी चौकशी करून ठेवलं. आता मला सांगा व्याही, ज्या माणसाने उमर पलटणीच्या गाड्यांत काढली, त्याने सुनेच्या पहिल्या मोठ्या कामाला चार गडी लावायचे? मी कराडला साईराजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याने काउंटरवर दोन माल ठेवले. एक तिने सांगितलेला, नवा, काडेपेटीएवढ्या तुकड्याचा. दुसरा चौदा कोरांचा, सर्वरचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या मशिनीतून उतरवलेला, म्हणजे आमच्याकडे लष्करी गाड्या डिस्पोजलला निघतात तसा. वापरलेला, पण पोलादी. वर्षानुवर्षं बंद न करता चालायलाच बनवलाय, असं साईराज म्हणाला आणि मी तिथेच विरघळलो.

साईराजवर माझा काही आरोप नाही. त्याने सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. हा जुना आहे, याचा एकेक गडी सावकाश चालतो, याला पंखा मोठा लागतो, वीज जास्त लागते, पडद्यावर चित्र दाखवायलासुद्धा वेगळं कार्ड घालावं लागतं, आणि वहिनींच्या कामाला तो छोटा बरा पडेल. मी सगळं ऐकलं. ऐकून 'बांध तो मोठा' म्हणालो.

घरी आणून चालू केला तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडून उठली. पंख्याचा आवाज मळणी मशीनच्या जवळपास जातो. आमच्या हिला मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण मागून जी गरम हवा येते तिच्यासमोर तिने सांडगे वाळत घातले. वीज गेली की इन्व्हर्टर एकदा किंचाळतो आणि मान टाकतो. (कोयनेची वीज आमच्या डोक्यावरून तारांनी जाते. ती सगळ्या महाराष्ट्राला पुरते, फक्त आमच्याकडे थांबत नाही.) बरं, उत्कर्षा चित्र आखत असते तेव्हा म्हणे एकच कोर राबतो, बाकीचे तेरा बांधावर बसून राहतात. शेवटी चित्राला रंग, उजेड, सावली चढवायची वेळ आली की मात्र चौदाच्या चौदा तुटून पडतात. तेव्हा गडी खरा, खोटं कशाला बोलू. उत्कर्षाने हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "असू दे आबा. शेवटच्या कामाला उपयोगी पडेल." तोंड वाकडं केलं नाही की एक उसासा टाकला नाही.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण खोकं उतरवताना माझा थोरला भाऊ ज्ञानूदादा हजर होता. त्याने ते एका बाजूने उचलून पाहिलं आणि म्हणाला, "आरं, येवढं जड एकट्याच्या घराला कशापायी?"

तुम्ही माधवनगरला गिरणीच्या भोंग्यावर वाढलात, तुम्हाला हे पटकन कळणार नाही. आमच्या भावकीच्या चार घरांत जड वस्तू एकट्याची नसते. विहीर चौघांत, पाइपलाइन चौघांत, मळणी मशीन चौघांत. हलकी वस्तू ज्याची त्याची. उत्कर्षाने सांगितलेला छोटा प्रोसेसर आणला असता तर भावकीने ढुंकूनही पाहिलं नसतं. चौदा कोर म्हटल्यावर गुंडातात्या आला, मग चुलत घरचा नाथाजी आला. मशीन आतल्या खोलीतून पुढच्या सोप्यात आलं, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. आणि वाटणीला बसले.

चौदाला चारने भागलं की साडेतीन येतात. ह्या अर्ध्या कोरावरून जे झालं ते लिहायला नको. गुंडातात्याचं म्हणणं, अर्धा कोर त्याच्या वाट्यातून नाथाजीने दाबला. पुराव्याला त्याने आजोबांच्या वेळचं बांधाचं भांडण काढलं. मी साईराजला फोन करून विचारलं की कोर मधून कापता येतो का. तो म्हणाला, "काका, तुमी जरा पाणी प्या." शेवटी ज्ञानूदादाने तोडगा काढला. विहिरीला जशी दोन-दोन दिवसांची बारी आहे तशी मशीनला लावायची. बारी बदलणार सकाळी सहाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आता बारीचा आमचा नियम फार जुना आहे. आपल्या बारीला पाणी लागो न लागो, मोटर चालू करायचीच. एकदा बारी सोडली की पुढच्या वेळी शेजारी म्हणतो, तुला गरज कुठं हाय? त्यामुळे ज्ञानूदादा, ज्याला फोनवरचा नंबर नातवाकडून लावून घ्यावा लागतो, आपल्या बारीला अंघोळ करून, टोपी घालून मशीनसमोर बसायचा. चालू करायचा आणि दिवसभर निळ्या पडद्याकडे बघत राहायचा. उत्कर्षाने एकदा हळूच विचारलं, की तुम्ही बसलाच आहात तर मी शेजारी बसून काम करू का. तो प्रेमानेच म्हणाला, "पोरी, आज आमचा वार हाय." तिचा तो लाडका चुलतसासरा. भाकरी तिच्याच हातची मागतो. पण वार म्हणजे वार.

(मधल्या काळात सर्वरचा प्रोसेसर आलाय ही बातमी गावात फुटली. गावाला 'सर्वर' हा शब्द रेशनच्या दुकानात 'सर्वर बंद हाय' एवढ्यापुरताच माहीत. दोन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन दारात आल्या आणि 'आवं, जरा चालू ठेवा की, आमचा अंगठा उठंना' म्हणून मलाच झापून गेल्या.)

पाचगणीचं चित्र ज्या सोमवारी द्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरची बारी होती. उत्कर्षाने सगळं आखून पूर्ण केलं आणि झोपायच्या आधी शेवटचं काम मशीनला लावून दिलं. वीज राहिली. मी स्वतः देवापुढे उदबत्ती लावली होती. सकाळी सहाला ज्ञानूदादा बॅटरी घेऊन आला, विहिरीवर जातो तसाच, आणि बारी बदलली म्हणून त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. मग आपली बारी सुरू म्हणून पुन्हा चालू केलं. चित्र पुरं व्हायला थोडंसंच राहिलं होतं म्हणे, ते सगळं पुसलं गेलं. पंख्याचा आवाज थांबला तशी उत्कर्षा उठून बाहेर आली. पडद्याकडे पाहिलं. ज्ञानूदादा म्हणाला, "उठलीस व्हय? च्या टाक जरा." तिने चहा टाकला, त्याला दिला, मला दिला. मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, बशीत बघून चहा प्यालो. मग तिने पिशवी भरली, 'आईला बघून येते' म्हणाली आणि एसटीने तुमच्याकडे आली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिने राजवर्धनच्या साध्या कॉम्प्युटरवर रात्रंदिवस बसून ते चित्र पुन्हा केलं आणि हॉटेलवाल्याने एक दिवस थांबून ते घेतलं, हे मला तिच्या स्टेटसवरून कळलं. मी ते चित्र मोठं करून बघितलं. दरीवरचं धुकं काय सुंदर उतरलंय हो! सांगलीच्या एका इंजिनियरने तिला ऑफिसात कायमची खुर्ची देऊ केली आहे, हे शिवतेजकडून कळलं. त्याने बर्फातून फोन करून मला एवढंच विचारलं, "आबा, तुमी मशीन घेतलं का इहीर पाडली?" आणि फोन ठेवला.

मी तिला 'ये' म्हणणार नाही. माणसाने आपल्या कामाच्या जागी राहावं, मी स्वतः घरापासून लांब राहून नोकरी केली. ती सांगलीला सुखात असेल तर आम्ही दोघं सुखात आहोत. मशीन सध्या सोप्यात बारीप्रमाणे चालू आहे आणि कुणाचीही तक्रार नाही.

असो. गुडघ्याला जपा, थंडीत पायमोजे घाला, आणि थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आमच्याकडून एकेक गुळाचा खडा.

तुमचा व्याही,
नानासो

ता.क. पत्रासोबत काकवीचा डबा पाठवतो आहे. उत्कर्षाला घट्ट आवडते, म्हणून घट्टच काढायला लावली. तिच्यासाठीच पाठवली आहे असं नाही, सगळ्यांनी खावी.

ता.क. २. राजवर्धनच्या कॉम्प्युटरमध्ये कोणता प्रोसेसर आहे, त्याचं नाव आणि नंबर एका चिठ्ठीवर लिहून पाठवावा. केवळ माहितीसाठी. साईराजला मी सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत तो छोटा कुणाला देऊ नकोस. ही गोष्ट उत्कर्षाच्या कानावर घालू नये. घातली तरी चालेल.

ता.क. ३. मानसिंगदादा, मी अंबूबाई लिवते. हे अंघुळीला गेल्यात आन् पत्र उघडं हाय. वर लिवलंय ते समदं खरं धरू नगा. फरक पडला न्हाई म्हणत्यात, आन् रोज सकाळी पोरीच्या टेबलावरची धूळ सोताच्या रुमालानं पुसत्यात. आमची भांडणं झाली. मी म्हनलं, चौदा गडी आणलं, पर जिचं काम तिला इचारलं का? तवापास्नं गप हायती. बारी मी मोडली. ज्ञानूभावजींना सांगितलं, मशीन कायमचं तुमच्याच सोप्यात न्या, सांडगं बी तिकडंच वाळवते. ते बी रडले वो, त्यांना ठावंच न्हवतं काय इझवलं ते. दादा, पोरीला धाडा म्हणून सांगत न्हाई. खुर्ची चांगली आसंल तर बसू द्या, तिच्या कष्टाची हाय. पर तिला येवढं सांगा, म्या धान्याची खोली रिकामी केलीया. भितीला नवी खिडकी पाडून घेतली, नदी दिसती. आन् सुताराकडनं दाराला आतनं कडी बसवून घेतली. या घरात नांदाय आल्यापास्नं मला आतनं कडी लावून बसाय आशी जागा कवा गावली न्हाई. आता झालीया. समदी इचारत्यात, लावून बघू का, बसती का नीट. मी कुणाला लावू दिली न्हाई. पयल्यांदा तिनंच लावायची.