एका कान्याचा फरक

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, पण दातओठ खाऊन घातलेला आहे, हे आधीच सांगतो.

माझं पत्र परत मिळालं. उत्तर नव्हे, माझंच पत्र! आठ पानं, तुझ्या लाल शाईने रंगवलेली. मी 'पोचलो' लिहिलं तिथे काना खोडून 'पोचले', 'घाबरलो' तिथे 'घाबरले'. सत्तावीस ठिकाणी. मी मोजलं. शेवटी 'तुझा भाचा' अशी सही होती, तिथे 'तुझी भाची' केलंस आणि समासात शेरा मारलास की कर्ता स्त्रीलिंगी आणि क्रियापद पुल्लिंगी, शाळेत काय केलंस? खाली ना आशीर्वाद, ना तुझी सही.

अगं, ते पत्र वाचलंस तरी की नुसतंच तपासलंस? एकोणतीस वर्षं मुलगी म्हणून वाढलो. आणि मी मुलगी नाही, मुलगा आहे, हे घरातल्या कुणाला तरी पहिल्यांदा सांगत होतो. आईबाबांना फोन केला तो नंतर. आधी तुला लिहिलं, कारण एक म्हणजे तुला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे तू समजून घेशील. त्यातलं पहिलं खरं निघालं.

आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या वर्कशॉपचा मुकादम सातवीपर्यंत शिकलाय. शिवी दिल्याशिवाय त्याला पाना सापडत नाही. त्याला मी सांगितलं तेव्हा डोकं खाजवत म्हणाला की म्हणजे उद्यापासून 'आलास का' विचारायचं, एवढंच ना? पहिले दोन दिवस चुकला, स्वतःलाच शिवी हासडली आणि सुधारला. माझ्या कपाटावरची चिठ्ठी सुद्धा त्यानेच बदलली. दोघंतिघं फिदीफिदी हसले, त्यांना लिफ्टच्या खड्ड्यातलं ग्रीस पुसायला उतरवलं. आणि तू, जन्मभर शब्दांत वावरलेली बाई!

ते पत्र सोबत परत पाठवतोय. ठेव तुझ्याकडे. लोभ शिल्लक आहे की त्याच्यावरही काट मारलीस, तेवढं कळव.

कितीही खोडलंस तरी तुझाच,
भाचा

&nbsp;

दि. ११ फेब्रुवारी

चि. भोवरा हिस,
अनेक आशीर्वाद. मागितले नसलेस तरी देते.

आधी तुझ्या पत्रातली चूक. 'चिठ्ठी सुद्धा' असं तोडून लिहिलंयस. 'सुद्धा' शब्दाला जोडून लिहायचं असतं, किती वेळा सांगू?

आता बाकीचं. मी छापखान्यात एकेचाळीस वर्षं प्रुफं तपासली. मंत्र्यांची भाषणं तपासली, परीक्षांचे पेपर तपासले, मालकाच्या सासऱ्याच्या कवितासुद्धा तपासल्या. कुणाच्या धाकाने व्याकरण वाकवलं नाही. आणि माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर एक दिवस सांगतं की आजपासून कर्ता बदलला, आणि मी नंदीबैलासारखी मान डोलवायची? भाषा काय कुणाच्या बापाची आहे?

वाचलं मी ते पत्र. तीनदा वाचलं. काय लिहावं सुचेना, म्हणून लाल पेन हातात घेतलं. मला दुसरं येतं काय?

तुझ्या आईची बातमी बरी नाही. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सव्वीस तारखेला ठरलंय. डॉक्टरांनी धोका आहे हे लपवलेलं नाही. ती दवाखान्यातच आहे आणि रोज तुझ्याबद्दल विचारते. ऑपरेशनच्या आधी एकदा तू डोळ्यांना दिसावीस एवढंच तिचं म्हणणं. पण तुझ्या फोननंतर तुझे बाबा हट्टाला पेटलेत. त्यांनी बजावलंय की यायचं तर पहिल्यासारखं 'आले-गेले' बोलायचं. आईच्या खाटेपाशी हे नवं खूळ चालणार नाही, नाहीतर वॉर्डाच्या दारातून माघारी धाडीन.

मी म्हणते, चार दिवस 'येते-जाते' म्हणालीस तर तुझं काय झिजणार आहे? 'येतो' आणि 'येते' यांत एका कान्याचा तर फरक! आई मोठी की काना मोठा, तूच ठरव.

लोभ होता तिथेच आहे. तुझ्यासारखा गरगर फिरत नाही तो.

तुझी,
मावशी

&nbsp;

दि. १५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. यातलं 'वि. वि.' म्हणजे विनंती विशेष ना? मग या वेळची विनंती खरंच विशेष आहे. पेन खाली ठेव आणि वाच.

एका कान्याचा फरक म्हणतेस. मग हे बाबांना जाऊन विचार ना, की एक काना दिल्याने त्यांचं काय झिजणार आहे? दर वेळी गिळायचं ते मीच का? 'मी आले' म्हणायला लागू नये म्हणून मी लहानपणापासून काय काय केलंय, तुला ठाऊक आहे? 'मी दमले' न म्हणता 'मला दमायला झालं' म्हणायचं. 'मी जेवले' न म्हणता 'माझं जेवण झालं'. सगळे म्हणायचे की पोर घुमं आहे, चार शब्द धड बोलत नाही. घुमा नव्हतो गं. वाक्य शोधत असायचो.

आणि व्याकरणाचं तू मला सांगतेस? मला भोवरा कुणी म्हटलं? शाळा सुटली की तुझ्या छापखान्यात यायचो, तेव्हा कागदाच्या गठ्ठ्यावर बसवून विचारायचीस की आला का माझा भोवरा, कुठे होतास रे इतका वेळ? तेव्हा कुठे गेली होती ती लाल शाई? भोवरी का नाही म्हणालीस? भोवरी पायाला होते म्हणून? जे लाडात चालत होतं तेच मी खरं आहे म्हटल्यावर पाप झालं. संताप येतो मला, मावशी, नुसता संताप.

बाबांना काल फोन केला. ते म्हणाले की त्यांच्या घरातून मुलगी बाहेर पडली होती, मुलगीच आत येईल. मी म्हटलं ती कधी नव्हतीच. त्यांनी फोन आपटला. आईला फोन देत नाहीत. तिला टेबलावर काही झालं आणि मी इथे कुणाची तरी लिफ्ट उघडत बसलेलो असलो, तर मी काय करू?

लोभ आहे, म्हणून तर भांडतोय. नाहीतर गप्प बसायची मला सवय आहे.

तुझा,
भोवरा

&nbsp;

दि. १८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना दाखव, त्यांच्यासाठीच लिहिते आहे. मी चोवीस तारखेला येते. सकाळच्या गाडीने निघते आणि दुपारपर्यंत पोचते. बाबा म्हणतील तसं बोलेन. केस आखूड आहेत त्याला इलाज नाही, पण डोक्याला रुमालसुद्धा बांधेन.

फार भांडले तुझ्याशी. मुकादमाकडे रजा मागितली, तर हवी तितकी घे म्हणाला आणि चेहरा असा का म्हणून विचारलं. मी त्याला सांगू शकले नाही. ऑपरेशन झालं की लगेच परत जाते, कुणाला अडचण होणार नाही. मी चुकले.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
भाची

&nbsp;

दि. २० फेब्रुवारी, जलद टपालाने

चि. भोवरा यास,
अनेक आशीर्वाद. 'यास' नीट बघ. शाई पसरलेली नाही, हात चुकलेला नाही.

तुझं पत्र घेऊन मी दवाखान्यात गेले. तुझ्या बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि तुझ्या आईच्या खाटेपाशी मोठ्याने वाचलं. मग घडी घालत म्हणाले की बघा, जरा ताठ राहिलं की पोरं कशी सरळ येतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. एक चूक नाही! 'सुद्धा'सुद्धा जोडून लिहिलं होतंस. इतकं शुद्ध पत्र तू आयुष्यात लिहिलेलं नाहीस आणि त्यात तू कुठेच नव्हतास. आणि ही अशी शुद्ध भाषा तुझ्याकडून मीच मागितली होती.

छापखान्यात नव्याने कामाला लागणाऱ्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच सांगायचे. प्रूफ आपल्या डोक्याप्रमाणे तपासायचं नाही, मूळ प्रतीशी ताडून तपासायचं. लिहिणाऱ्याने काय लिहिलंय ते आधी बघ, मग पेन उचल. एकेचाळीस वर्षं जगाला हे शिकवलं आणि घरच्या पोराच्या वेळी मीच डोळ्यांवर कातडं ओढलं. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, बरोबर. पण कर्ता कोण, ते कर्त्याला विचारायचं की त्याच्या मावशीला? तुझ्या मुकादमाला दोन दिवसांत कळलं. तुझी सही खोडली त्या हाताची मला लाज वाटते, भोवऱ्या.

तुझ्या बाबांना मी तिथेच फैलावर घेतलं. बायको ऑपरेशनला चाललीय आणि तुम्ही पोराचे काने कसले मोजता, म्हटलं. आवाज चढला असावा, कारण नर्स येऊन हळू बोला म्हणाली. मी तिला सांगितलं की मला ऐकू येत नाही. तुझे बाबा म्हणाले की सत्तावीस चुका काढल्या, हे तर तुम्हीच मला सांगितलं होतंत. तेवढं एक खरं बोलले. मग मी पर्समधून लाल पेन काढलं आणि त्यांच्यादेखत, खाटेच्या कडेवर बसून, तुझं पत्र तपासलं.

ते सोबत जोडलंय. सात ठिकाणी काना दिलाय. 'बाबा म्हणतील तसं बोलेन' हे वाक्य काढून टाकलं आहे, रुमालही काढला आहे. 'मी चुकले' याला मात्र काना दिलेला नाही. ते पुरतंच खोडलंय, कारण ते माझं वाक्य आहे, तुझं नाही.

तुझे बाबा तेव्हापासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. बसू देत. चोवीस तारखेला ते दारात उभे राहिले तर त्यांच्यापुढे मी उभी असेन. रात्री राहायला माझ्याकडे ये, किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवलीय. दुरुस्त प्रतीप्रमाणे यायचं, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.

लोभाची प्रत मूळचीच आहे, तीत दुरुस्ती नाही.

तुझीच,
मावशी

ता. क. तुझ्या सहीपाशी मी 'तुझा भाचा' केलंय, ते अक्षर माझं. त्याच्यापुढचं वाकडंतिकडं अक्षर माझं नाही. मी पेन मिटत होते, तेवढ्यात तुझ्या आईने हात पुढे केला आणि ते मागून घेतलं. पडल्यापडल्या तिने आणखी दोन शब्द घातलेत, 'माझा मुलगा'. मी ते तपासले. बरोबर आहेत.