तुमचा दिवा, माझे फिल्टर

प्रिय अण्णा,

उद्या महापालिकेत एक अर्ज द्यायचाय. टेबलावर पडलाय, सही तेवढी राहिलीय. सकाळपासून एका जागी बूड टेकत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

अर्ज कशाचा? मळ्याच्या तोंडाशी तुम्ही चकरा मारून बसवून घेतलेला तो पिवळा दिवा काढा म्हणून! रागावू नका, आधी ऐका.

रात्री शेवंतीला पाणी भरताना तुम्ही मला आभाळात तिकांडं दाखवायचात, एका ओळीतले ते तीन तारे. मृगाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणायचात. त्याच्या खाली एक धूसर ठिपका आहे, तो वायूचा ढग, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याच अंगणातून त्याचा एक धड फोटो काढायचा, एवढाच हट्ट. तुम्ही गेल्यावर तीन हिवाळे गेले. जमलं का? छे!

आता नाशिक मळ्यापर्यंत आलंय, अण्णा. फोटोत आकाश हळदीच्या पाण्यासारखं येतं. मित्राकडून कॅमेऱ्याचे दोन फिल्टर उसने आणले. एक दिव्यांचा पिवळा उजेड बराचसा अडवतो. दुसरा ढगाचा लाल रंग तेवढा आत सोडतो, पण त्यात तारेही विझल्यासारखे होतात. हा लाव, तो काढ, आठवडा गेला. कोणता विकत घेऊ? ठरेना. शेवटी वाटलं, दिवाच नको!

आईला अर्ज वाचून दाखवला. माळ ओवता ओवता ती थांबली.

"तुला म्हाईत नाय का? दिव्याजवळच्या दोन ओळींना कळीच धरायची नाय. शेवंतीला रातीचा अंधार लागतो. मी म्हणलं, काढायला लावा. तर म्हणले, फुलं कमी झाली तरी चालंल. क्लासवरून पोरगी सायकलीवर येती, ती लांबून दिसली पाह्यजे."

अण्णा, मला कधीच का नाही सांगितलंत? त्या दोन ओळींवरून मी तुमच्या खताची टिंगल करायचे! आणि तुम्हीही माझ्याबरोबर हसायचात. मला आज माझीच लाज वाटतेय.

सही करत नाही. पिवळा अडवणारा फिल्टर घेते, त्यात तिकांडं तरी शाबूत राहतं. फोटो जरा निळसर येईल, येऊ दे. दिवा थेट भिंगात शिरू नये म्हणून फुलांचे क्रेट रचून वर गोणपाट टाकीन.

आणि शब्द देते, दिवा राहील. येत्या हंगामात त्याच्याजवळच्या दोन ओळींत मी शेवंतीच लावीन. कळी नाही धरली तरी.

तुमची सायकलवाली,
निमा