तेवीस क्रमांकाची विहीर

द्वारका, ९ ऑक्टोबर १९९७

प्रिय हेरंब,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते.

१. ११ फेब्रुवारीला साहिबी नदीच्या खोऱ्यातल्या तेवीस क्रमांकाच्या विहिरीचं पाणी तू बाटलीत भरलंस.
२. प्रयोगशाळेत ते मी तपासलं. क्षारांची बेरीज जुळेना. फरक दहा टक्के येत होता, पाचपर्यंत चालतो.
३. ‘बाटली नीट विसळलेली नाही, धुतानाचं आम्ल आत राहिलं असावं’ असा शेरा मी लिहिला आणि ती विहीर तक्त्यातून काढली.
४. विश्वनाथ सरांनी तो शेरा बैठकीत सगळ्यांसमोर वाचला. जूनमध्ये तू नोकरी सोडून साताऱ्याला गेलास.
५. ३० सप्टेंबरला मी एकटी जाऊन त्याच विहिरीचं पाणी कोऱ्या बाटलीत घेऊन आले. फरक पुन्हा दहा टक्केच आला.

चूक तुझी नव्हती. हे वाक्य मी चार महिने उशिरा लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक आहे. आमच्या सोसायटीत आता सहा घरांत दिवे लागतात. बाकीच्या खिडक्यांना अजून काचा नाहीत. सकाळी धुकं असलं की समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतींचे फक्त वरचे मजले दिसतात, खाली काहीच नसल्यासारखे. बोअरचं पाणी खारट आहे, चहा फाटतो. गच्चीवरून मी कधी कधी पश्चिमेकडे, नजफगडच्या बाजूला बघत राहते आणि मला वाटतं, ती साहिबी नदी आटली वगैरे काही नाही, ती जमिनीखालून या सगळ्या इमारतींच्या पायांमधून संथ चालली आहे आणि वर बायका गॅलरीत कपडे वाळत घालताहेत. असं काही मी अहवालात लिहिणार नाही. तुला लिहायला हरकत नाही.

फेब्रुवारीतली ती सकाळही अशीच होती. आपली जीप नजफगडच्या पुढे गेली आणि शेतं पांढरी दिसू लागली. तू म्हणालास, दंव पडलंय. मी म्हणाले, मीठ आहे, वर आलेलं. तू उतरून बोट लावून चाखलंस आणि तोंड वाकडं करून म्हणालास, “बिल्कुल बरोबर, मॅडम. कधी तरी चुकत जा यार, बरं वाटेल.” त्या वेळी मला हसू आलं नव्हतं. आता येतं, पण त्याला अर्थ नाही. तू प्रत्येक बाटली त्याच पाण्यानं चारदा विसळायचास. नियम तीनदाचा आहे. मी वहीत तीनच लिहायचे, कारण चौथ्यांदा विसळण्याला कारण नव्हतं. तेवीस क्रमांकावरही तू चारदा विसळलीस. मी शेजारी उभी होते, मी पाहिलं होतं. शेरा लिहिताना मला ते आठवत होतं, हेरंब. तरी लिहिला. माझ्या हातून तपासणीत चूक झाली असेल, यापेक्षा तुझ्या हातून विसळण्यात झाली असेल, हे मला सोपं गेलं.

बैठकीत सर म्हणाले, “हेरंबजी, अब बोतल धोना भी सिखाना पड़ेगा क्या?” सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कागद सरळ करत होते.

खरं कारण तू मला पाणी भरलं त्याच दिवशी सांगितलं होतंस. विहिरीला लागून गोठा आहे, आणि गोठ्यातली म्हातारी म्हणते की या पाण्यावर खत न घालता पालक काळाभोर येतो. मी म्हणाले होते, म्हातारीचं म्हणणं तक्त्याच्या कुठल्या रकान्यात भरू? गेल्या महिन्यात आमच्या फाटकाशी भाजीची गाडी आली. पालकाच्या जुड्या इतक्या गडद की हिरव्या म्हणवेनात. भाजीवाल्यानं त्या विहिरीचंच गाव सांगितलं. जुडी हातात धरून मी तिथेच उभी राहिले. कुणी तरी मागून “बहनजी, लेना है तो लो” म्हणालं तेव्हा भानावर आले.

पाण्यातल्या क्षारांचे धन आणि ऋण भाग समान असावेच लागतात. ऋण भाग कमी पडला, तर एक तर काही नष्ट झालं, नाही तर काही मोजायचं राहिलं. सिंचनासाठी पाणी योग्य आहे का, हे ठरवायच्या आपल्या यादीत नायट्रेट, म्हणजे पिकाला खतातून मिळतं तेच, नव्हतं, म्हणून मी ते मोजलं नाही. वर्षानुवर्षं गोठ्यातलं शेण-मूत मुरून ते पाण्यात उतरलं आहे. आता मोजलं: लिटरमागे दोनशे दहा मिलिग्रॅम. ते मिळवलं की बेरीज एका टक्क्याच्या आत जुळते. म्हातारीच्या घरचं पिण्याचं पाणी नळाचं आहे ना, हे मी आधी विचारून घेतलं. नळाचंच आहे. विहिरीचं लहान मुलांना कधीही देऊ नका, हे दोनदा सांगून आले.

म्हातारीनं मला लगेच ओळखलं. “छोरी, वो लंबा वाला कहाँ गया? लड़ के भगा दिया?” मी म्हणाले, घर गया है. ती म्हणाली, “भगा ही दिया,” आणि ताकाचा पेला पुढे केला. पाणी भरताना मी बाटली चारदा विसळली.

सरांना मी लेखी कळवलं आहे की शेरा चुकीचा होता आणि तो माझा होता. नमुना घेणारा म्हणून तुझं नाव सुधारित अहवालात येईल. त्यासाठी तुझी परवानगी लागत नव्हती, आणि एवढंच कळवायचं असतं तर एक कार्ड पुरलं असतं. नोव्हेंबरपासून खोऱ्याच्या वरच्या भागाचं काम सुरू होतंय, रेवाडीच्या पलीकडे, सहा महिने, दोन माणसं. एक मी. दुसरं नाव सर रोज विचारतात. नमुने घेणारे पुष्कळ मिळतील. तिघांची नावं तर त्यांनीच सुचवली. मी तिघांनाही नाही म्हणाले. मला तू यायला हवा आहेस. कामासाठी, आणि कामाशिवायही. हे मी तू इथे असताना सांगायला हवं होतं. नाही म्हणालास तरी अहवालातलं तुझं नाव तसंच राहील.

नाव देण्याची मुदत सोमवारी, २७ तारखेला संपते. शनिवार, २५ ऑक्टोबरपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पडेल असं पाठव.

तुझीच,
मृणाल