पाण्यावरच्या लावऱ्या

आबा, परवा डोळ्यांच्या दवाखान्यात तुमचा विषय निघाला. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला नजरेचा त्रास होता का. मी तोंड उघडायच्या आत तुमची नात बोलून गेली, "आमच्या आजोबांची नजर पन्नाशीतच गेली होती." बाईंनी तसं कागदावर उतरवून घेतलं. तुमची नजर गेली नव्हती, आबा. शेवटपर्यंत चांगली ठणठणीत होती. हे जगात एकट्या मला ठाऊक आहे. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, पुढची अक्षरं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून जुळवली, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही, मी, सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होतो. त्यातच तुमची सून बाळंत झाली. पोरगी झाली, पण दूध उतरेना. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन दूध यावं तरी कुठून? सुईण आजी चुलीपुढं बसून म्हणाली, "लावरीचं कालवन द्या हिला. दोन दिसांत छाती भरंल." तुम्ही लगेच आढ्याला टांगलेला कामठा काढला. बांबूचंच धनुष्य, बांबूच्याच पट्टीची दोरी, आणि पाखरांसाठी टोकाला लाकडी बोंड असलेले बोथट तीर, म्हणजे मांस फाटत नाही. तो कामठा घेऊन तुम्ही दोन दिवस सगळी रानं पालथी घातलीत आणि मोकळ्या हातांनी आलात.

लावऱ्या कुठे होत्या ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तलाव खोदताना एका कोपऱ्यात झरा लागला होता, गव्हाणीएवढं डबकं साचलं होतं. कामावर माणसं यायच्या आधी, दिवस उगवताना, पंचक्रोशीतली पाखरं तिथे उतरायची. पण पाण्याला आलेल्या पाखरावर आपल्या घरात कुणी तीर सोडत नव्हतं. मला कामठा धरायला शिकवलात तेव्हाच बजावलं होतंत, "रानात ते पळू शकतं, आपन चुकू शकतो. पान्यावर त्याला जायाला जागाच न्हाई. तिथं मारनारा शिकारी न्हवं, चोर." डबकं दिसलं त्या दिवशीही मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तुम्ही नुसती मान हलवलीत.

तिसऱ्या दिवशी पहाट सरता सरता मी कामठा घेऊन निघालो. मुरमाच्या ढिगाआड पालथा पडलोय. लावऱ्या एकामागून एक खाली येतात, ढेकळासारख्या गोल, मातकट. पहिला तीर बसला, एक आडवी झाली. वाटलं, आता बाकीच्या भुर्रकन उडतील. एकही उडाली नाही, आबा. मेलेलीच्या अंगाला अंग लावून पीत राहिल्या. तहानच तेवढी होती. मला एक पुरली असती. मी पाच मारल्या. पाचवीच्या चोचीतून पाणी गळत होतं ते मी धोतराला पुसलं.

घरी आलो तर तुम्ही ओट्यावर बसलेले. पाच लावऱ्या बघून उभेच राहिलात. "कुठं घावल्या रं?"

"खड्याच्या माळावर," मी म्हणालो. "कुसळात दबून बसल्या हुत्या."

"बसलेल्या दिसल्या तुला? जाग्यावर?"

"व्हय."

त्या एका शब्दाचं मोल तुम्हालाच माहीत होतं. दबून बसलेली लावरी दिसणं हा तुमचा हुन्नर. आख्खं रान मातीच्या रंगाचं, त्यात एखादा ठिपका ओला चमकला की तो तिचा डोळा, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मला तो ठिपका कधीच दिसला नव्हता. तुम्ही पाठीत एवढी जोरात थाप मारलीत की सुईण आजी हसली. त्या दिवशी कामावर घमेली उचलताना तुम्ही ज्याला त्याला सांगत होता. कुणीतरी चिडवलं, "आबा, पोरगं तुमच्यापरीस सरस निघालं की!" तुम्ही म्हणालात, "निघनारच. मास्तर कोन हाय त्याचा?" कालवणाने असो वा नशिबाने, पोरीला दूध मिळालं. बायकोने मला एकदाच विचारलं, "असल्या भाजक्या माळावर लावऱ्या राहत्यात व्हय?" मी म्हणालो, "खा की गुमान."

इथवरचं मी स्वतःला माफ करून टाकलं होतं. लेकराच्या दुधासाठी केलं म्हणायचो. पण पुढचं?

सुनेला आणखी द्यावं म्हणून तुम्ही खड्याच्या माळावर जायला लागलात. एक दिवस गेलात, दुसऱ्या दिवशी गेलात. कामावर खाडा करून, त्या उन्हात. मी सांगितलेल्या जागी, मी सांगितलेल्या कुसळात तुम्ही वाकून एकेक बुंधा बघत होता, आणि मी इकडे माती उपसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलात ते थेट चुलीजवळ येऊन बसलात. तोंड उन्हाने काळं पडलेलं. सुनेने तांब्या दिला, तो तसाच हातात धरून ठेवलात.

"पोरी, वाईट नगं वाटून घिऊ," तुम्ही तिला म्हणालात. "लावऱ्या असत्याल तिथं. ह्यानं मारल्या म्हंजी हायेतच. मलाच दिसंनात. डोळं गेलं माजं."

मी दारात उभा होतो. तुम्ही कामठा माझ्याकडे सरकवलात. "धर. आता तुजा. आंधळ्याच्या हातात काय करायचा?" पुन्हा तुम्ही त्याला हात लावला नाहीत.

महिनाभराने तिसगावच्या बाजारात मी तुम्हाला चष्मा घेऊन दिला. फडक्यावर मांडलेले चष्मे तुम्ही एकामागून एक डोळ्यांना लावताय, समोरच्या दुकानावरची पाटी बघताय. "नंबराच्या काचंतनं धुरकट, अन साध्या काचंतनं हाय तसंच दिसतंय रं," तुम्ही म्हणालात. विकणाराही हसला. "आबा, तुमाला चष्मा लागतच न्हाई." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. मी बोललो, "घ्या, आबा. वयाचं असतं." तुम्ही निमूट घेतलात. पुढे नऊ वर्षं ती साधी काच तुम्ही नाकावर वागवलीत. बांधावर तित्तर ओरडला की मला ढोसायचात, "बघ बघ, कुठं बसलाय? मला मेल्याला काय दिसतंय." आणि बोलता बोलता तुमची मान बरोबर त्या झुडपाकडे वळलेली असायची.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की भीतीने गप्प राहिलो. चोर म्हणाल, घराबाहेर काढाल. हा कागद कुठे धाडायचा नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहितो. भ्यालो नव्हतो मी. चुलीपुढं तुम्ही कामठा माझ्या हातात दिलात, तेव्हा मला आधी लाज वाटली नाही, आबा. आधी बरं वाटलं.