सासूबाईंचं पीप आणि माझं तोंड

सौ. एउफ्राझियाताईस,

नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा दमा यांनी या हिवाळ्यात तुम्हाला फार छळलं नसेल, अशी आशा. इकडे ग्रासिंदा आणि मुली बऱ्या आहेत. सासूबाई, दोना देओलिंदा, एक्याऐंशीव्या वर्षी माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, त्यावर काही इलाज नाही.

तुला आठवत असेल, पंधरा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात भर पंगतीत मी या दोरू नदीकाठच्या गोड वाइनला 'आजारी म्हातारीचं सरबत' म्हणालो होतो. (आपण बेजाची माणसं, आपली वाइन कोरडी आणि जीभ त्याहून कोरडी.) बारा वर्षं तो हेका मी इमानानं चालवला. सगळ्यांच्या गळ्यात हात टाकून हौदात द्राक्षं तुडवली, रस अर्धवट आंबला की त्यात ब्रँडी ओतून गोडी टिकवतात तेही केलं, पण पेला पुढे आला की "नको, मला झेपत नाही." मग तीन वर्षांपूर्वी मला खोकला झाला आणि सासूबाईंनी औषध म्हणून त्यांच्या जन्मसालच्या पिपातले दोन घोट पाजले. ताई, काय सांगू. अक्रोड, सुकं अंजीर, करपता करपता राहिलेला साखरेचा पाक, आणि गिळल्यावरही चव तोंडातून जाईचना. खोकला दोन दिवसांत गेला. मी मात्र तीन आठवडे खोकत राहिलो.

पुढचं लिहायला लाज वाटते. तेव्हापासून दर रविवारी घरचे चर्चला निघाले की माझी पाठ धरते, आणि ते वळणाआड गेले की मी रबरी नळी घेऊन तळघरात. एकदा जोरात ओढलं आणि सदरा भिजला. कॉफी सांडली म्हणून सांगितलं. सासूबाईंनी सदऱ्याचा वास घेतला आणि "कॉफी चांगली आहे हो जावईबापू," एवढंच म्हणाल्या.

पीप उणं राहिलं तर वाइन बिघडते, म्हणून त्याच जातीची थोडी कोवळी वाइन घालून ते भरायची इथली रीत. परवाच्या रविवारी घाईत मी तू नाताळला पाठवलेल्या कॅनमधली आपली कोरडी वाइन ओतली. मंगळवारी सासूबाईंनी चव घेतली, बराच वेळ तोंडात घोळवली आणि म्हणाल्या, "यात कुणीतरी परका शिरलाय." माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी या वाइनला शिवत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्याच जेवणात त्यांनी जाहीर केलं, की ईस्टरला ते पीप माझ्या साडूला, एर्मिनियूला द्यायचं. "बेल्मिरूला काय उपयोग? तो बिचारा पीत नाही." एर्मिनियू असल्या वाइनमध्ये बर्फ टाकतो, ताई. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
बेल्मिरू

ता. क. ईस्टरला तू ये. पोटाच्या तक्रारीवर डॉक्टरांनी जुनी गोड वाइन सांगितलीय म्हण आणि ते पीप मागून घे. पाहुणीला त्या नाही म्हणणार नाहीत. मग ते माझ्याकडेच ठेवून जा.

ता. क. कॅन आणू नकोस.

एउफ्राझियाबाई, पत्र टपालात टाकायला जावयानं माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरला. तुम्ही जरूर या, पण पोटदुखी घेऊन नको. पीप त्याचंच आहे. एर्मिनियूचं नाव मी त्याला बोलतं करायला घेतलं. ईस्टरच्या पंगतीत त्यानं उभं राहून 'मला आवडते' एवढं म्हणावं. पंधरा वर्षं वाट बघतेय, आणि आता माझ्याकडे फार ईस्टर उरले नाहीत. तोवर त्याला काही कळवू नका.
— देओलिंदा